काळ्या बशीतला भात

सात हजार सातशे सत्तर रुपये मोजून आम्ही सहा माणसं परवा अर्धपोटी घरी आलो, आणि रात्री अकरा वाजता मी मुगाच्या खिचडीचा कुकर लावला. आमच्या ह्यांनी तर बूट काढता काढताच विचारलं, "पापड आहे का गं घरात?"

मैत्रिणींनो, हसू नका. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण आज लिहायला बसले ते त्यासाठी नाही. हे जेवण आमच्या सूनबाईनं मला घालायचं दोन वर्षांपासून कबूल केलेलं होतं, आणि त्यामागे जरा जुनी गोष्ट आहे.

सूनबाई इंजिनिअर आहे. मोटारींच्या कंपनीत काम करते. दोन वर्षांमागे कंपनीनं तिला आठ महिने जपानला, नागोयाला पाठवायचं ठरवलं. नातू तेव्हा तीन वर्षांचा. मी त्या वेळी काय काय बोलले ते आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. "पोर टाकून कसली नोकरी करायची?" हे तर मी तिच्या तोंडावर म्हटलं. ती उलटून बोलली नाही. बॅगा भरल्या, पोराचे कपडे वेगळे घड्या करून ठेवले, डबेवार याद्या लिहून फ्रिजवर चिकटवल्या आणि गेली. आठ महिने नातवाला मी सांभाळला. सांभाळला म्हणजे काय, मनात कुरकुरत सांभाळला.

तिचा फोन रोज यायचा आपल्या दुपारी चारला, पोर झोपून उठायच्या वेळेला. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात. बहुतेकदा ती एका लहानशा खाणावळीत बसलेली असायची. समोर लाकडी फळी, आठ स्टुलं, आत एक म्हातारा रांधतोय आणि त्याची बायको वाढतेय. ती बाई फोनमध्ये डोकावून नातवाला हात करायची. नातूही तिला 'जपानची आजी' म्हणायला लागला. मला तेसुद्धा खुपायचं, खोटं कशाला सांगू? पण एकटीदुकटी पोर कुठे जेवते आहे ते डोळ्यांना दिसायचं, तेवढ्यानं जीव खाली पडायचा. सूनबाई सांगायची, "आई, इथला नुसता भात आणि सार तुम्ही एकदा खाऊन बघा. परत आले की तुम्हांला जपानी जेवण घालीन."

माझ्यापुरतं जपान म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथलं पाणी, दगड, छाटलेली झाडं पाहिली होती. जेवणाचं काही माहीत नव्हतं. माझा पासष्टावा वाढदिवस आला तेव्हा सूनबाईनं गावातल्या एका नव्या, फार नावाजलेल्या जपानी हॉटेलात टेबल राखून ठेवलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आज ते आहे, उद्या त्याच्या भावंडासारखं दुसरं निघेल.

आमच्याबरोबर वन्संही आल्या. वन्सं आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर. घरात आम्ही मासे खाणारे, पण वन्संनी चाळीस वर्षांपूर्वी पंढरपूरला तुळशीची माळ घातली, तेव्हापासून त्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. त्या यायला तयार नव्हत्या. "माझं काय काम तिथं?" म्हणाल्या. सूनबाईनंच आग्रह केला. "आत्या, काकडीच्या सुरळ्या असतात, टोफू असतं, शेंगा असतात. मी नीट विचारून मागवीन."

दारात शिरलो तशी चारपाच पोरं एकदम ओरडली, "इराश्शाइमासे!" वन्सं दचकून माझ्या दंडाला धरून राहिल्या. 'या, बसा' असा त्याचा अर्थ, सूनबाईनं सांगितलं. आत भिंती काळ्या, टेबलं काळी, बश्या काळ्या, उजेड देवघरातल्या समईएवढा. ह्यांनी मोबाईलची बॅटरी लावून यादी वाचली. संगीत इतकं मोठं की मुलगा समोर बसून काय बोलतो ते कळेना. हात पुसायला जपानात म्हणे गरम, ओला, पिळलेला रुमाल देतात. इथं कागदाचा, पाकिटातला, थंडगार आला. सूनबाईचा चेहरा मी तेव्हाच पाहिला. काही बोलली नाही.

पहिल्यांदा आल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, मीठ घालून उकडलेल्या. साडेचारशे रुपये! शेंग ओठांत धरून दाणे ओढून घ्यायचे आणि साल टाकायची. वन्संना हे चांगलं जमलं. उकडलेल्या शेंगा काय आपल्याला नव्या आहेत? सगळ्या जेवणात मन लावून खाल्लेला पदार्थ तो एवढाच.

मग सुशी. एका लांब दगडावर आठ तुकडे, त्यावर मेयोनेज, आंबा, सोनेरी वर्खाचा ठिपका, आणि वर काचेचं झाकण. वाढणाऱ्या मुलानं झाकण उचललं तसा आतून धूर निघाला. नातू टाळ्या पिटायला लागला. बाजूच्या टेबलावरच्यांनी फोटो काढले. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि मला पहिलं जाणवलं ते असं की हा भात फ्रिजमधला आहे.

बायांनो, भाताच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही. शिजलेला भात फ्रिजमध्ये राहिला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, शीत कोरडं, कडक आणि चुरचुरीत लागतं. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी द्यायची तर आपण आधी पाण्याचा हबका मारतो तो त्यासाठीच. सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असावा लागतो. सुशी म्हणजे कच्चा मासा, असा माझा समज होता, तो सूनबाईनं तिथेच दुरुस्त केला. सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला भात. वर मासा असो, काकडी असो, अंडं असो. म्हणजे भातच बिघडला तर उरलं काय? धूर!

ह्यांनी बशीच्या कडेची हिरवी गोळी चटणी समजून अख्खी तोंडात टाकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते वासाबी. खरं वासाबी हे एका झाडाचं खोड, ते जेवायच्या वेळी किसतात आणि पंधरावीस मिनिटांत त्याचा जोर जातो. इतर देशांत बहुतेक ठिकाणी मिळतं ते हॉर्सरॅडिश नावाचा मुळा, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात जी झिणझिणी जाते ना, अगदी तीच. दोन्हीत तिखटपणा आणणारं द्रव्यही एकच. आल्याच्या गुलाबी चकत्या मात्र वन्संना आवडल्या. दोन तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करायला त्या खायच्या असतात. कोवळं आलं लिंबात घातलं की आपल्याकडेही तसंच गुलाबी होतं.

तेम्पुरा आला तो मऊ पडलेला. हा म्हणजे भज्यांचा जपानी भाऊ. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानला गेले, त्यांच्याकडून ही तळणी तिकडे गेली. हेच पोर्तुगीज त्याच शतकात आपल्याकडे गोव्यात आणि वसईत होते. पीठ बर्फासारख्या गार पाण्यात जेमतेम कालवायचं, फेटायचं नाही, आणि कढईतून थेट बशीत वाढायचं. इथं तो आतल्या आत किती वेळ फोटोची वाट बघत बसला होता कोण जाणे. नातू म्हणाला, "मला आपला भात पाहिजे." त्याला मी गप्प केलं. मुलगा 'मस्त आहे, मस्त आहे' म्हणत राहिला. हे डोळे पुसत 'वा' म्हणाले. मीही म्हटलं, "छान आहे हं." सूनबाई आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला का कळत नव्हतं?

मग मिसोचं सूप आलं. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा. मागवतानाच सूनबाईनं वाढणाऱ्या मुलाला दोनदा विचारलं होतं, "आत्या माळकरी आहेत. ह्याच्यात मासा नाही ना? पाणी कशाचं आहे?" तो म्हणाला होता, "व्हेज आहे मॅडम, फक्त टोफू आहे." वन्संनी दोन घोट घेतले. "आपल्या साराचीच तऱ्हा," म्हणाल्या. तेवढ्यात सूनबाईनं आपला वाडगा तोंडाला लावला आणि तशीच थांबली. उठली, आतल्या खिडकीशी गेली. परत आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

जपानी स्वैपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पाणी. समुद्रातली कोंबू नावाची वनस्पती आणि वाळवून, धुरावून लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा किसून, या दोहोंचा अर्क काढतात. आपण आमटीला डाळीचं पाणी घेतो तसं ते दाशी घेतात. मासा गाळून टाकलेला असतो, त्यामुळे दिसत काहीच नाही. सूपात, तेम्पुराबरोबरच्या पातळ चटणीत, शेवयांच्या रश्श्यात, कधी कधी तळलेल्या टोफूवरसुद्धा तेच पाणी असतं.

मी टेबलाखालून तिचा हात दाबला आणि हळूच म्हटलं, "नको सांगूस. दोन घोट गेलेत, त्यांना कळणारही नाही. वाडगा उचलून ठेव म्हणजे झालं." मैत्रिणींनो, मी वाईट हेतूनं नाही म्हटलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईच्या जिवाला लागेल, सणाचा दिवस, असंच मनात आलं. आपण संसारात अशी पांघरुणं किती घालतो!

सूनबाई म्हणाली, "आई, आत्यांनी विचारूनच घेतलं होतं ना? मग त्यांना खरं कळायला नको का?" आणि वन्संजवळ जाऊन, खाली गुडघ्यावर बसून, तिनं सांगितलं. माशाचं पाणी आहे, माझी चूक झाली, मी आधी आत जाऊन विचारायला हवं होतं.

वन्संनी वाडगा खाली ठेवला. "मोरी कुठे आहे?" एवढंच विचारलं. सूनबाई त्यांना घेऊन गेली. आम्ही चौघं तिथं पुतळ्यासारखे बसलो. मॅनेजर धावत आला आणि म्हणायला लागला, "सर, तुकडे नाहीत, नुसता स्टॉक आहे." मुलगा त्याच्यावर चिडला. वन्सं चूळ भरून परत आल्या, ताठ बसल्या, माळेवर हात ठेवला. म्हणाल्या, "न कळत गेलं ते गेलं. उद्या मी काही घेणार नाही." मग सूनबाईच्या पाठीवरून हात फिरवला. "तू सांगितलंस, बरं केलंस. न सांगतीस आणि मला मागाहून कळतं, तर मी तुझ्या हातचं पुन्हा जेवले नसते."

मी मान खाली घातली.

मॅनेजरनं फुकट आइस्क्रीम देऊ केलं. वन्सं म्हणाल्या, "मला गोड नको बाबा. उद्या दुसरी कुणी माळेची बाई आली तर तिला नीट सांग." तो 'हो हो' म्हणाला. सांगेल की नाही, देव जाणे.

आता बिलाचं सांगते, कारण ते तुमच्याही उपयोगाचं आहे. खाण्याचे सात हजार चारशे, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क सातशे चाळीस, आणि दोन्ही मिळून पाच टक्के जीएसटी. मुलानं सेवा शुल्क काढायला लावलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सूचना काढल्या आहेत की हॉटेलनं हे शुल्क आपणहून बिलात घालू नये, द्यायचं की नाही ही गिऱ्हाइकाची खुशी. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तेव्हा संकोच करू नका, सरळ 'काढा' म्हणा. नाहीच काढलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

आणि बरोबर कुणी शाकाहारी असेल तर 'व्हेज आहे का?' असं विचारू नका. त्याला मान डोलावणं सोपं असतं. 'कुठल्या पाण्यात शिजवलंय?' असं विचारा, आणि तेही वाढणाऱ्याला नाही, रांधणाऱ्याला विचारून यायला सांगा. दाशी नुसत्या कोंबूची किंवा वाळलेल्या शिताके अळंब्यांचीही करता येते. जपानातल्या बौद्ध मठांत मासळी-मटणाशिवाय रांधायची जुनी पद्धत आहे, तिथं अशीच करतात. मेयोनेजमध्ये अंडं असतं, हेही ध्यानात असू द्या.

खिचडी खाऊन सगळे झोपले. वन्संनी रात्री काही घेतलं नाही. मी पाणी प्यायला उठले तर सूनबाई स्वैपाकघरात ओट्याशी उभी. दिवाही लावला नव्हता. म्हणाली, "आई, मला तुम्हांला हे नव्हतं दाखवायचं."

माझ्या तोंडावर सवयीनं 'अगं, छान होतं' आलंच होतं. गिळलं. म्हटलं, "भात फार वाईट होता."

ती हसली आणि मग रडली. मीही रडले. नागोयाला गेली तेव्हा मी जे बोलले होते, त्याबद्दल दोन वर्षांत प्रथमच मी तिच्याशी बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते आमचं दोघींचं.

पुढच्या रविवारी तिनं घरी घाट घातला. तांदूळ मावळातला इंद्रायणी, चिकट होतो म्हणून. दोन वाट्या तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुऊन अर्धा तास भिजवले आणि वाटीला सव्वा वाटी पाणी घालून मंद आंचेवर झाकून शिजवले. तीन टेबलस्पून व्हिनेगरमध्ये दीड टेबलस्पून साखर आणि पाऊण चहाचा चमचा मीठ विरघळवून घेतलं. जपानात हा भात लाकडी पसरट भांड्यात कालवतात. माझ्या सासूबाईंची काठवट माळ्यावर पडली होती, ती काढली, ओल्या फडक्यानं पुसली. गरम भात तीत उपसून, व्हिनेगर शिंपडत, लाकडी उलथन्यानं कापल्यासारखा हलवायचा, घोटायचा नाही. आणि एकानं सारखा वारा घालायचा, म्हणजे पाणी उडून भाताला चकाकी येते. वारा घालायचं काम नातवाकडे, वर्तमानपत्राच्या घडीनं. मग समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या तावावर भात पसरून मध्ये काकडी, गाजर, आणि सुरळी. धारदार सुरी दर कापाला ओल्या फडक्यानं पुसावी, नाहीतर भात चिकटतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, पण त्याच दिवशी संपवा.

मिसो सूपही केलं. बाजारात मिसोची तयार पाकिटं मिळतात, पण घेताना मागची बारीक अक्षरं वाचा, काहींत दाशी आधीच मिसळलेली असते. सूनबाईनं तीन पाकिटं परत ठेवून चौथं घेतलं. वाळलेल्या अळंब्या भिजवून त्यांचं पाणी उकळलं, गॅस बंद करून मगच त्यात मिसो विरघळवला. मिसो घातल्यावर उकळी आणायची नाही, वास जातो. कढीसारखंच जपायचं.

वन्संनी पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला, सूनबाईकडून एकेक शब्द वाचून घेतला. अळंब्या कुठल्या, तेही विचारलं. मग वाटीभर प्यायल्या. "सार बरं आहे," म्हणाल्या. "पण जरा कोकम घातलं असतंस तर."